दगडाबरोबर आलेला तारामासा

गोड्या पाण्यात तारामासा राहत नाही. आपल्याकडे नाही एवढंच नव्हे, जगातल्या एकाही नदीत, तळ्यात किंवा विहिरीत तो सापडत नाही. तारामासे आणि त्यांच्या गोतावळ्यातले प्राणी मिळून सुमारे ७,००० जाती आहेत. त्या सगळ्या समुद्रातल्या, फार तर खाडीतल्या. त्यांच्या अंगात रक्ताऐवजी जवळजवळ समुद्राचंच पाणी खेळतं आणि क्षारांचा तोल सांभाळणारं मूत्रपिंडासारखं इंद्रिय त्यांना नसतं. बाहेरच्या पाण्याचा खारटपणा बदलला की आतलाही बदलतो. तो एकदम बदलला, तर प्राणी मरतो.

त्यामुळे भीमा, मांजरा, कारंजा या नद्यांवर जगणाऱ्या आमच्या सीमाभागात तारामासा ही शाळेच्या पुस्तकातली गोष्ट. कलबुर्गीहून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. बिदर त्याहूनही आत, शिवाय समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरपेक्षा उंच. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद इथली कितीतरी मराठी माणसं समुद्र पहिल्यांदा पाहतात ती मुंबईला गेल्यावरच. आमच्या आधीच्या पिढीनं जिवंत समुद्री मासा पाहिला तोही बहुधा मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलेल्या त्या इमारतीला लागूनच समुद्र होता.

कलबुर्गीत तसं काही नाही. तरीही तिथल्या एका घरात, माझ्या भाच्याच्या नव्या मत्स्यपेटीत, रात्री दिवे मालवले की काचेवर तारामासे चालायला लागतात. त्यानं ते विकत आणले नव्हते. त्याचा फोन आला तो असा, "मामा, काचेवर काहीतरी पांढरं चिकटलंय. चांदणीसारखं. एक होतं, आता पाच-सहा झालेत. बघा की येऊन."

पेटी २०० लिटरची. बाजारात मिळणाऱ्या कृत्रिम समुद्री मिठाचं पाणी, तळाला पांढरी वाळू, मधे दगडांची रास. हौशी लोक ज्याला लाइव्ह रॉक म्हणतात ते हे दगड, मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात ओल्या कागदात गुंडाळून आलेले. मेलेल्या प्रवाळाच्या सांगाड्याचा सच्छिद्र दगड, आणि त्याच्या भोकाभोकांत जिवाणू, शेवाळ, किडे, स्पंज, गोगलगायी. जकार्ताच्या ली चिन एंग या मत्स्यपालकानं १९६१ साली लिहून दाखवून दिलं की असे जिवंत दगड ठेवले, तर फारशा यंत्रांशिवायही खाऱ्या पाण्याची पेटी चालते. आज जगभर घरोघरी ज्या प्रवाळपेट्या दिसतात, त्यांचं मूळ तिथं आहे. पण दगड जिवंत म्हणजे त्याच्याबरोबर काय काय येईल ते सांगता येत नाही. या शौकातले लोक अशा आगंतुकांना हिचहायकर म्हणतात. चावरे खेकडे, काटेरी अळ्या, आयप्टेशिया नावाची डंख मारणारी फुलासारखी जीवजात, आणि हे बारके तारामासे.

भिंग लावून पाहिला तर हा जीव बघत बसावा असा आहे. करंगळीच्या नखाएवढा, राखाडी-पांढरा, पाठीवर हिरवट डाग. भुजा आखूड. चित्रात असतात तशा पाच सारख्या भुजा मात्र शोधूनही सापडणार नाहीत. एकाला सहा भुजा होत्या, त्यांतल्या तीन पूर्ण वाढलेल्या आणि तीन नुसत्या कोंब फुटल्यासारख्या. काचेच्या बाजूनं पोट दिसतं. प्रत्येक भुजेत एक खाच आणि त्या खाचेत पारदर्शक नळीसारख्या पायांच्या रांगा. पाण्याच्या दाबावर चालणारे हे पाय एकामागून एक काचेला टेकतात, सुटतात, पुन्हा टेकतात. भुजेच्या टोकाला लालसर ठिपका असतो. तोच त्याचा डोळा, उजेड-अंधार ओळखण्यापुरता. हा काचेवर तासभर एका जागी थांबला आणि पुढे सरकला, की मागे त्याच्याच मापाचा स्वच्छ गोल उरतो. बाकीच्या काचेवर तपकिरी थर, आणि तेवढ्याच जागी लख्ख काच. हा तारामासा तोंडानं चावून खात नाही. आपलं जठरच तोंडावाटे बाहेर काढून खाद्यावर पसरतो आणि तिथंच पचवतो. तो स्वच्छ गोल म्हणजे त्याचं उरकलेलं जेवण.

भुजा लहानमोठ्या का, याचं उत्तर त्याच्या वाढीत आहे. हे तारामासे स्वतःला मधोमध फाडून दोन होतात. अर्धा एका दिशेला चालू लागतो, अर्धा दुसऱ्या. मधली चकती ताणली जाते आणि तुटते. मग दोघांनाही हरवलेल्या भुजा नव्यानं फुटतात. जोडीदार नको, अंडी नकोत, अळीनं समुद्रात भटकायला नको. म्हणून दगडाच्या एका भोकात लपून आलेला एकच तारामासा काही महिन्यांत पेटी भरून टाकू शकतो. हौशी लोक त्याला सरसकट ॲस्टेरिना म्हणतात. ओलॉकलिन आणि वॉटर्स या संशोधकांनी २००४ मध्ये या कुळाची नव्यानं मांडणी केली आणि हिंदी व प्रशांत महासागरातल्या बऱ्याच जाती ॲक्विलोनास्ट्रा या वेगळ्या प्रजातीत घातल्या. पेट्यांत सापडणारे बहुतेक बारके तारे त्यांतलेच.

भाच्याचा पहिला प्रश्न होता, "काढून टाकू का सगळे?" या शौकात नव्यानं पडलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. माझं म्हणणं असं, की आधी ओळख पटवावी, मग हात घालावा. मधली चकती वेगळी उठून दिसत असेल आणि तिच्यातून बारीक, लांब, सापासारख्या वळवळणाऱ्या भुजा दगडाच्या फटीतून बाहेर आल्या असतील, तर तो तारामासा नव्हेच. तो त्याचा चुलतभाऊ, ठिसूळतारा. तो फटीत पडलेलं उरलंसुरलं खातो, त्याला हात लावायचं काहीच कारण नाही. आखूड भुजांचे, चपटे, काचेवर सरकणारे तारे हे ॲस्टेरिना. त्यांतले बहुतेक शेवाळ आणि जिवाणूंचा थर खातात. काही जण दगडावरचा गुलाबी-जांभळा चुनखडी शेवाळाचा थरही खरवडतात. काही मऊ प्रवाळ आणि त्यांचे चुलते झोअँथिडही खातात, अशी अनेकांची तक्रार आहे आणि ती खोटी म्हणता येणार नाही, कारण पेटीत येणारी जात दर वेळी एकच असते असं नाही. म्हणून रात्री लाल उजेडाची बॅटरी घेऊन पाहावं लागतं. तारा प्रवाळावर बसलाय म्हणजे तो प्रवाळ खातोय असं नव्हे. प्रवाळ आधीच मरत असेल, तर त्याच्यावर साचलेलं खायलाही तो येतो. तो उठून गेल्यावर खालचं मांस शाबूत आहे का, हे पाहायचं. दोन-चार रात्री सलग पाहिलं की कळतं. आमच्याकडे तरी ते काच आणि दगड सोडून कुठं गेलेले दिसले नाहीत.

नव्या पेटीतच ते इतके का वाढतात, हेही समजून घ्यायला हवं. नव्या पाण्यात पहिल्या काही आठवड्यांत डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ. त्याला खाणारं दुसरं कोणी अजून आलेलं नसतं. त्यात नव्या हौसेनं माशांना दिवसातून तीन-तीन वेळा खाणं टाकलं जातं. उरलेलं कुजतं, पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं, शेवाळ फोफावतं आणि त्यावर तारे. म्हणजे तारामाशांची संख्या हा पेटीतल्या जादा खाण्याचा हिशोब आहे. खाणं निम्म्यावर आणलं, तळाची घाण नळीनं ओढून काढली आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं, की काही महिन्यांत संख्या आपोआप उतरते. या उपायाला पैसे लागत नाहीत म्हणून दुकानदार तो सांगत नाहीत.

उलट दुकानात जो तारामासा विकला जातो तो नव्या पेटीत मरतो. वाळू साफ ठेवतो म्हणून खपवला जाणारा मोठा, काटेरी काठाचा ॲस्ट्रोपेक्टेन वाळूतले बारीक शिंपले आणि किडे खाऊन जगतो. घरातल्या पेटीतली वाळू तो काही आठवड्यांत रिकामी करतो आणि मग महिनोन्‌महिने उपाशी राहून संपतो. निळा लिंकियाही तसाच. दगडांवर वर्षानुवर्षं मुरलेला जिवाणूंचा थर त्याला लागतो, नव्या पेटीत तो कुठून येणार? ज्याला पैसे मोजून आणावं तो जगत नाही आणि ज्याला कोणी बोलावलं नाही तो वाढतो, याचं साधं कारण अन्न. नव्या पेटीसाठी तारामासा विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या हवेत आणखी एक अडचण आहे. कलबुर्गीचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी. पेटीतून पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. समजा २०० लिटरच्या पेटीतून रोज ४ लिटर पाणी उडालं आणि पाच दिवस कोणी लक्ष दिलं नाही, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेला खारटपणा ३९ च्या जवळ पोहोचतो. मग घाबरून कोणी एकदम २० लिटर गोडं पाणी ओततं. मासा हा झटका एक वेळ सोसतो, तारामासा सोसत नाही. त्याच्या भुजा गळायला लागतात. उडालेलं पाणी रोजच्या रोज, थोडं थोडं, आणि आरओचंच भरायचं. बोअरचं पाणी या पेटीला चालत नाही. वीज गेली की पाण्याची हालचाल थांबते आणि प्राणवायू कमी होतो, म्हणून पंपापुरता तरी इन्व्हर्टर हवा.

दगड कोरडे आणले तर आगंतुक येतच नाहीत. तो मार्ग अधिक बरा, असं मला वाटतं. आपल्या किनाऱ्यावरच्या कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, वाघाला आहे तेच. त्यामुळे कुठून आला ते न सांगता विकलेला जिवंत दगड घेणं म्हणजे नकळत गुन्ह्यात वाटेकरी होणं. कारखान्यात घडवलेला सच्छिद्र दगड घ्यावा आणि जिवाणू आपण वाढवावेत. इथं बिदरकरांच्या ओळखीचा एक पदार्थ कामाला येतो, नवसागर. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार जडवून झाली, की बिदरीचे कारागीर किल्ल्यातली माती आणि नवसागर मिसळलेल्या उकळत्या पाण्यात वस्तू बुडवतात. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच चमकत राहते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कोरड्या दगडांच्या, अजून एकही प्राणी न सोडलेल्या २०० लिटर पाण्यात त्याचा सव्वा ग्रॅम टाकला की लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्रेट. चार ते सहा आठवड्यांत ही साखळी बसते. मात्र नवसागर प्रयोगशाळेतला शुद्धच हवा, कल्हईवाल्याकडचा नको. आणि ज्या पेटीत जीव आहे तिथं तो चिमूटभरही टाकायचा नाही, अमोनिया विषच आहे.

बिदरीवरून आणखी एक सांगायला हवं. शोभेसाठी बिदरीची वस्तू किंवा तांब्याचा लोटा पेटीत ठेवू नका. तांबं आणि जस्त पाण्यात उतरतात, आणि तारामासे, कोळंबी, गोगलगायी यांना तांब्याचा अगदी थोडा अंशही मारतो. माशांच्या काही औषधांत तांबं असतं. ते औषध प्रवाळपेटीत गेलं, तर तारे जातील आणि त्यांच्याबरोबर बाकीचे बिनकण्याचे जीवही.

तारे खरोखरच प्रवाळ खाताना सापडले, तर काय करायचं? चिमट्यानं अलगद उचलायचे, किंवा बारीक नळीनं ओढून घ्यायचे. ब्लेडनं खरवडायचे नाहीत. मधल्या चकतीसह तुटलेला तुकडा पुन्हा वाढतो. रात्री दिवे मालवल्यावर तासाभरानं ते काचेवर येतात, तीच वेळ. उचललेले तारे खालच्या गाळणीच्या टाकीत सोडता येतात, तिथं शेवाळ खाऊन राहतील.

दुसरा एक उपाय सुचवला जातो, हार्लेक्विन कोळंबी. पांढऱ्या अंगावर मोठे रंगीत ठिपके असलेली ही देखणी कोळंबी फक्त तारामासेच खाते. जोडीनं ताऱ्याला उलटा करते आणि भुजेच्या टोकापासून सावकाश खात जाते, तारा दिवसेंदिवस जिवंत असतो. काम चोख होतं. पण पेटीतले तारे संपले, की तिच्यासाठी विकतचे तारे आणून घालावे लागतात, नाहीतर ती उपाशी मरते. एका आगंतुकाचा बंदोबस्त करायला दुसऱ्या प्राण्याला उपासमारीत आणणं मला पटत नाही. ही कोळंबी एकमेकांत फिरवायला चार-पाच पेट्यावाले मित्र असतील, तर गोष्ट वेगळी.

इतक्या बारक्या जीवाची एवढी चर्चा का, असं वाचकाला वाटेल. बिनबोलावता आलेला तारामासा पेटीबाहेर काय करू शकतो, हे टास्मानियानं पाहिलं आहे. होबार्टजवळच्या डर्वेंट नदीच्या मुखात १९८६ साली एक तारामासा सापडला. तो तिथलाच नेहमीचा समजला गेला. १९९२ मध्ये कळलं की तो उत्तर प्रशांत महासागरातला ॲस्टेरिअस अम्युरेन्सिस आहे. बहुधा जपानहून आलेल्या जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून त्याच्या अळ्या पोहोचल्या होत्या. सहा वर्षं ओळखण्यात गेली. तोवर तो शिंपले फस्त करत सुटला होता. १९९५ मध्ये मेलबर्नच्या पोर्ट फिलिप उपसागरात दिसला आणि काही वर्षांत तिथं कोट्यवधी झाला. एक मादी वर्षाला कोटीच्या घरात अंडी देते. आज त्याला तिथून हटवणं कोणाच्याही हातात राहिलेलं नाही. आपल्याकडेही मेक्सिकोच्या आखाताकडचा मायटिलॉप्सिस नावाचा शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणम बंदरात आणि पुढे मुंबईच्या गोदीत जहाजांबरोबरच आला. जहाजांच्या पाण्यावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ ला अमलात आला, इतका उशिरा.

पेट्यांतून सुटलेल्यांची यादीही मोठी आहे. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात १९८४ मध्ये कॉलर्पा शेवाळाचा एक लहानसा पट्टा दिसला, पुढे ते भूमध्य समुद्रात पसरलं. हिंदी-प्रशांत महासागरातला सिंहमासा १९८५ पासून फ्लोरिडाजवळ दिसू लागला आणि आज कॅरिबियनभर आहे. दोन्हींचं मूळ मत्स्यपेट्यांत मानलं जातं.

आमच्या नद्यांत तारामासा जगणार नाही, हे आधीच सांगितलं. पण पेटी कंटाळून रिकामी करणारा माणूस तारे आणि मासे वेगळे करत बसत नाही. काचेवरचं शेवाळ खायला आणलेला सकर मासा बोटभर असताना घेतात, तो हातभर झाला की नदीत सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा खवल्यांच्या चिलखताचा मासा उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागल्याच्या बातम्या आपण मराठी वर्तमानपत्रांत वाचतो. तो जाळं फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. उजनीचं पाणी भीमेनंच पुढे येतं, अफजलपूरच्या सोन्न बंधाऱ्यात, गाणगापूरच्या संगमावर, आणि पुढे रायचूरजवळ कृष्णेत. १९५२ मध्ये देशात आणलेली तिलापी, म्हणजे आपली चिलापी, याच पाण्यात किती पसरली आहे ते कोणत्याही बाजारात दिसतं.

तेव्हा कलबुर्गी-बिदर या दोन जिल्ह्यांतल्या आणि सोलापूर-लातूरकडच्या सगळ्या हौशी मंडळींना एवढंच सांगणं आहे. पेटीत न बोलावता काही आलं, तर आधी फोटो काढा, दोन रात्री पाहा, जाणकाराला विचारा, आणि मग ठरवा. ठेवायचं नसेल तर दुसऱ्या पेटीवाल्याला किंवा दुकानदाराला परत द्या. पेटीतला मासा, दगड, शेवाळ किंवा पाणी भीमेत, मांजरेत, कारंजाच्या धरणात किंवा बिदरच्या पापनाश तळ्यात कधीही सोडू नका. बदललेलं खारं पाणी मोरीतच ओता, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुडाशी नको.